इटलीतल्या खाणावळीत जेवायला बसताना

इटलीहून परत आल्यापासून गटाच्या प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न येतो : "तिथं जेवलात काय? आणि भाषा येत नसताना मागितलंत कसं?" आज त्याबद्दलच बोलू.

इटलीच्या उत्तरेला तोरिनो नावाचं शहर आहे. तिथं दर दोन वर्षांनी 'तेर्रा माद्रे', म्हणजे धरणीमाता, या नावाचा मेळावा भरतो. पहिला २००४ साली भरला. जगभरचे शेतकरी, मच्छीमार, स्वयंपाकी त्यात येतात. आम्ही पाच जणी ज्वारी-नाचणीचे पदार्थ घेऊन गेलो होतो. दुपारचं जेवण मेळाव्यात व्हायचं, रात्रीचं मात्र आपलं आपण बघायचं.

पहिल्या दिवशी सहा वाजता भूक लागली, पण सगळ्या खाणावळी बंद. तिथं रात्रीचं जेवण साडेसातच्या आसपास सुरू होतं. मग एके ठिकाणी बसलो, बोट दाखवून काहीतरी मागवलं, जेवलो. ताटं उचलून नेली आणि त्यानंतर वेटर फिरकलाच नाही. अर्धा तास गेला. बिल नाही की विचारपूस नाही. आमच्यातली एक हळूच म्हणाली, "आपल्या साड्या बघून आपल्याला मोजत नाहीत गं." सगळ्यांचे चेहरे उतरले. शेवटी आम्हीच गल्ल्यापाशी गेलो. बिल बघितलं तर माणशी दोन युरो जास्तीचे. फसवलं, असं समजून गुपचूप पैसे दिले आणि रागातच परतलो.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यातल्या दुभाषी मुलीला हे सांगितलं. ती हसली आणि तिनं नीट समजावलं. इटलीत न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला 'आता उठा' म्हणण्यासारखं. त्यामुळं वेटर मुद्दाम आणत नाही. आपण म्हणायचं, "इल कोंतो, पेर फावोरे", म्हणजे बिल द्या. आणि ते दोन युरो म्हणजे 'कोपेर्तो'. टेबल मांडण्याचे आणि पावाचे माणशी पैसे. बहुतेक ठिकाणी ते घेतात आणि खाद्ययादीवर लिहिलेले असतात. आम्ही यादी नीट बघितलीच नव्हती. अपमान कुणी केला नव्हता, आम्ही तो मनानेच धरला होता.

मग तिनं सांगितलं तसं वागायचं ठरवलं. आत शिरताना आधी नमस्कार करायचा. दिवसा 'बोनजोर्नो', संध्याकाळी 'बोनासेरा'. रिकामं टेबल दिसलं तरी एकदम जाऊन बसायचं नाही. किती जणी आहोत ते बोटांनी सांगायचं, वेटर दाखवील तिथं बसायचं. हाक मारायची तर चुटकी नाही, शुकशुक नाही. नजर मिळाली की 'स्कूझी' म्हणायचं, म्हणजे 'जरा ऐकता का'. तिथं वेटरकी हा मानाचा धंदा आहे. काही जण त्याच कामात केस पांढरे करतात. आज काय ताजं आहे, कशात काय घातलंय, हे त्यांना ठाऊक असतं.

त्या रात्री घरगुती खाणावळीत गेलो. अशा खाणावळीला तिकडं 'त्रात्तोरिया' म्हणतात. वेटर काका साठीच्या घरातले होते. आम्ही पाचही जणींनी 'बोनासेरा' म्हटलं, तसे ते खुलले. आमच्यातल्या तिघी शाकाहारी. तिथं नुसतं 'भाजी' म्हणून भागत नाही, कारण भाजीच्या सूपातही मटणाचं पाणी असू शकतं. म्हणून कागदावर लिहून नेलं होतं : 'सेंझा कार्ने, सेंझा पेशे, सेंझा ऊओवा'. म्हणजे मांस, मासे, अंडी नकोत. काकांनी कागद वाचला, यादीवर बोट फिरवत तीन पदार्थांना मान हलवली, बाकीच्यांना नाही म्हणाले. एका पदार्थावर किसलेलं चीज पडणार होतं. ते वासराच्या पोटातल्या रसानं विरजतात, हे त्यांनी फोनवर भाषांतर करून दाखवलं. आम्ही नुसतं विचारलं म्हणून हे कळलं.

मग त्यांनी 'फारिनाता' आणली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल एवढंच, मोठ्या गोल परातीत ओतून भट्टीत भाजलेलं. पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं. हे तर आपलं बेसनाचं धिरडं! फोनवर आमच्या चुलीचा आणि धिरड्याचा फोटो दाखवला. काका तो फोन घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. आतली बाई पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसत आमच्याकडं बघायला आली.

तुमच्यापैकी कुणी कधी गेलात तर आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. जेवणाचे टप्पे असतात : आधी 'प्रीमो', म्हणजे पास्ता किंवा भात, मग 'सेकोंदो', म्हणजे मांस-मासे. दोन्ही घेतलेच पाहिजेत असं नाही. पाणी बाटलीचं आणि विकतचं. 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रित्झांते' म्हणजे सोड्यासारखं. बक्षिसीची सक्ती नाही. सेवा आवडली तर थोडी नाणी ठेवतात. कॉफी उभ्यानं घेतली तर बहुधा स्वस्त, बसून घेतली तर महाग.

एक गोष्ट मात्र आम्ही पाचही जणी विसरणार नाही. घरी आपण सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसतो आणि घास तोंडात असतानाच कुणाला काहीतरी वाढायला उठतो. त्या टेबलाशी आम्ही दोन तास बसलो. कुणी उठवलं नाही, कुणी काही मागितलं नाही. आदल्या दिवशी जो उशीर आम्हाला अपमान वाटला होता, तोच त्या रात्री मान वाटला.

आता आपल्या गटाच्या खाणावळीत आम्ही एक नियम केलाय. वाढणारी बाईसुद्धा दिवसातून एकदा, पाटावर बसून, दुसरीच्या हातचं गरम जेवते. तुमच्या गटातही करून बघा, आणि कसं वाटलं ते पुढच्या बैठकीत सांगा.