कीबोर्ड मॉडिंगचा धंदा: आधी कोणती हत्यारं घ्यायची, पहिलं काम कोणतं धरायचं?



मेकॅनिकल कीबोर्ड खोलून, ग्रीस लावून, त्याचा आवाज आणि हाताला लागणारा स्पर्श बदलून देणं, याला मॉडिंग म्हणतात. याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. घरबसल्या करता येतं, जागा एका टेबलाएवढी लागते, दुकानाचं भाडं नाही. त्यामुळे "सर, हा व्यवसाय सुरू करायचा आहे, कोणता टूल किट घेऊ?" हा प्रश्न वारंवार येतो.

माझं उत्तर सरळ आहे. आधी किट घेऊ नका, आधी काम ठरवा. हत्यार कामाच्या मागून येतं. आणि पहिलं काम असं धरा, जे बिघडलं तरी पुन्हा पूर्ववत करता येईल. आज आपण कामांचा हा क्रम आणि प्रत्येक कामाला लागणारी हत्यारं बघूया.

हा धंदा मुळात उभा का राहतो?

साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली मिळून एकच रबराची चादर असते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचा स्विच आणला. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्याच मापाचे चिनी स्विच मोठ्या प्रमाणात बाजारात आले. आज वेगवेगळ्या कंपन्यांचे कीकॅप आणि स्विच बहुतेक वेळा एकमेकांना बसतात. सायकलला जसं एका कंपनीचं सीट आणि दुसऱ्या कंपनीचं पेडल चालतं, तसंच. माप एकच असल्यामुळे दुरुस्ती आणि बदल शक्य होतात, आणि तिथेच तुमच्या हाताला काम मिळतं.

ग्राहक फक्त गेमिंग करणारी मुलंच असतात, असं समजू नका. आपल्याकडे कितीतरी बिलिंग काउंटरवर आणि डीटीपी सेंटरवर टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड वर्षानुवर्षं चालतोय. तोही मेकॅनिकलच आहे. 'एक बटण दाबलं की दोन अक्षरं येतात' ही त्या ऑपरेटरची तक्रार म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आहे. बहुतेकांना माहीतच नसतं की असा कीबोर्ड फेकायची गरज नाही, एक स्विच बदलला तरी भागतं.

पहिली पायरी: साफसफाई आणि स्टॅबिलायझर

पहिला कीबोर्ड स्वतःचाच घ्या. नवा घेत असाल तर स्वस्तातला 'हॉट-स्वॅप' घ्या. म्हणजे ज्यात स्विच सोल्डर केलेले नसतात, सॉकेटमध्ये खोचलेले असतात. ओढून काढता येतात, परत बसवता येतात. शिकण्यासाठी यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

या पायरीला लागणारी हत्यारं:

- तारेचा कीकॅप पुलर. कीबोर्डसोबत येणारी प्लास्टिकची गोल कडी कीकॅपच्या कडांवर ओरखडे पाडते, ती वापरू नका.
- स्विच पुलर
- बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच
- चिमटा
- मऊ ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा
- चित्रकलेचा ० किंवा ०० नंबरचा ब्रश
- जुनं एटीएम कार्ड. हो, खरंच! कीबोर्डच्या केसचे प्लास्टिक लॉक उघडायला ते उत्तम. स्क्रू ड्रायव्हर घुसवलात तर कडेला कायमची खूण राहील.

स्क्रू सापडत नसतील तर खालच्या रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली बघा. जोर लावण्याआधी एखादा स्क्रू राहिला का, ते तपासा.

आता मुख्य काम. स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब बटणांखाली एक तार असते. तिला धरून ठेवणाऱ्या भागांसकट तिला स्टॅबिलायझर म्हणतात. बटण दाबल्यावर येणारा 'खडखड' आवाज बहुतेक वेळा इथूनच येतो. नंबर पॅड नसलेल्या ८७ बटणांच्या कीबोर्डमध्ये असे ५ स्टॅबिलायझर असतात, पूर्ण १०४ बटणांच्या कीबोर्डमध्ये ८. म्हणजे ८७ स्विचना हात न लावता फक्त ५ जागा नीट केल्या तरी ग्राहकाला फरक कानाने कळतो. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगलं पहिलं काम नाही.

काय करायचं? तार काढून सपाट काचेवर ठेवा. एक टोक उचललं जात असेल तर तार वाकडी आहे, ती हळूहळू सरळ करा. मग तारेच्या टोकांना घट्ट डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि प्लास्टिकच्या घासणाऱ्या भागांना पातळ थर द्या. परत बसवा आणि ऐका.

शिवणयंत्राचं तेल, खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. तेल वाहत जाऊन नको तिथे पोहोचतं आणि धूळ धरतं. चार दिवस कीबोर्ड छान चालेल आणि महिन्याभराने ग्राहक दारात उभा राहील.

दुसरी पायरी: स्विचला ग्रीस लावणं

इथे काम एकदम वाढतं. प्रत्येक स्विच उघडायचा, आतल्या दांड्याच्या आणि खालच्या घराच्या घासणाऱ्या कडांना अगदी पातळ थर द्यायचा, स्प्रिंगच्या टोकांना थोडं ग्रीस लावायचं आणि परत बंद करायचं. हे ८७ वेळा.

इथे नव्याने घ्यायच्या वस्तू मोजक्याच: स्विच ओपनर, स्विचचा दांडा धरायचा छोटा चिमटा आणि ग्रीस. सरळ चालीच्या, म्हणजे लिनिअर स्विचसाठी क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० हे ग्रीस सर्वात जास्त वापरलं जातं. ते महाग आहे, पण लागतं फार थोडं. छोटी डबी घ्या, एका डबीत एकापेक्षा जास्त कीबोर्ड होतात.

स्विचचा प्रकार ओळखल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका. चेरीच्या रंगांप्रमाणे लाल म्हणजे लिनिअर, तपकिरी म्हणजे मध्ये हलका अडथळा जाणवणारा टॅक्टाइल, आणि निळा म्हणजे 'टिक' आवाज करणारा क्लिकी. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून दाबून खात्री करा. टॅक्टाइलच्या दांड्याला पुढे दोन पाय असतात, त्यांना ग्रीस लागलं तर अडथळा बोथट होतो. क्लिकीला ग्रीस लावलं तर ज्या आवाजासाठी ग्राहकाने तो घेतला तोच मरतो. क्लिकी स्विच सोडून द्यायचा. आणि तांब्याच्या पट्टीला, जिथे विजेचा संपर्क होतो तिथे, ग्रीस नकोच.

स्विच परत बसवताना दोन्ही पिना सरळ आहेत का ते बघा. वाकडी पिन दाबून बसवली की बटण चालत नाही आणि दोष सॉकेटवर जातो. शक्य असेल तर पाठीमागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेटच बोर्डपासून उखडतं. नवे स्विच विकत घेताना ३ पिनचे की ५ पिनचे तेही बघा. ५ पिनवाल्याला प्लास्टिकचे दोन जादा पाय असतात. बोर्डला त्यांच्यासाठी भोकं नसतील तर ते निपरने कापावे लागतात.

तिसरी पायरी: सोल्डरिंग

टीव्हीएस गोल्डसारख्या कीबोर्डमध्ये स्विच सोल्डर केलेले असतात. इथे चूक परत फिरवता येत नाही. म्हणून ही पायरी शेवटी.

हत्यारं: तापमान नियंत्रित होणारी सोल्डरिंग आयर्न, सोल्डर पंप, तांब्याची डिसोल्डरिंग विक, फ्लक्स, मल्टिमीटर आणि सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, पण आयर्न साधारण ३२० ते ३५० अंशांवर ठेवून काम झटपट उरकायचं. आयर्न एकाच जागी टेकवून ठेवली की बोर्डवरची तांब्याची चकती उचलली जाते. जुना सांधा सुटत नसेल तर जोर लावू नका. फ्लक्स लावा, थोडं ताजं सोल्डर घाला, मग पंप मारा. खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून काम झाल्यावर हात धुवा.

सराव कुठे करायचा? भंगारातला एखादा बंद मेकॅनिकल कीबोर्ड आणा. १०४ स्विच, प्रत्येकाला २ पिना, म्हणजे २०८ सांधे. सगळे काढा आणि परत लावा. हात बसला की मगच पैसे घेऊन पहिलं सोल्डरिंगचं काम धरा, आणि ते असावं एकच खराब स्विच बदलण्याचं. दोन सांधे, एक स्विच, काम संपलं.

सोल्डरिंगचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हातात धरून बघून घेता येतं. स्विच, स्टॅबिलायझर आणि क्रायटॉक्स यांसाठी मात्र या विषयातली ऑनलाइन दुकानं गाठा.

आता हिशोब मांडूया

पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या गावचा दर तुम्ही टाका.

समजा ८७ स्विचच्या हॉट-स्वॅप कीबोर्डला ग्रीस लावायचे तुम्ही स्विचमागे १० रुपये घेता. झाले ८७० रुपये. ग्रीस आणि पॅकिंगचे १२० वजा केले, उरले ७५०. नव्या हाताला एका स्विचला अडीच मिनिटं धरली तरी साडेतीन तासांच्या वर जातात. खोलणं, बसवणं आणि तपासणं याचा आणखी एक तास. म्हणजे साडेचार तासांत ७५०, तासाला साधारण १६७ रुपये. हात बसून दीड मिनिटावर आलात तर तेच काम सव्वातीन तासांच्या आत होतं आणि तासाला २३५ च्या आसपास पडतात.

आता एका स्विचची दुरुस्ती घ्या. समजा २०० रुपये मजुरी, स्विचचे वेगळे. अर्ध्या तासाचं काम. तासाला ४०० रुपये!

बघा मित्रांनो, व्हिडिओत चमकणारं काम वेगळं आणि घर चालवणारं काम वेगळं. पूर्ण कस्टम कीबोर्ड बांधायचं स्वप्न जरूर ठेवा, पण सुरुवातीला छोट्या दुरुस्त्या आणि स्टॅबिलायझरवर भर द्या. त्यातून हत्यारांचे पैसेही निघतात आणि चार लोकांत नावही होतं. आणि सोल्डर केलेल्या कीबोर्डला ग्रीस लावायचं काम आलं तर दर वेगळाच सांगा. ८७ स्विचचे १७४ सांधे आधी काढायचे आणि मग परत लावायचे, त्याचा वेळ आणि जोखीम दोन्ही तुमच्यावर असतात.

ग्राहकाचा कीबोर्ड हातात घेण्यापूर्वी

ग्राहकाच्या दहा हजारांच्या कीबोर्डचं एक बटण बंद पडलं तर तुमची महिन्याची कमाई जाते. त्याहून मोठं नुकसान विश्वासाचं. म्हणून हे नियम पहिल्या दिवसापासून पाळा:

१. ग्राहकासमोर कीबोर्ड जोडून प्रत्येक बटण तपासा. जे आधीच बंद आहे ते लिहून ठेवा.

२. चारही बाजूंनी फोटो काढा. जुने ओरखडे तुमच्या नावावर लागायला नकोत.

३. 'कीबोर्ड खोलल्यावर कंपनीची वॉरंटी जाऊ शकते' हे आधी सांगा आणि मेसेजवर होकार घ्या.

४. काय करणार, किती दिवस लागणार, किती पैसे होणार, तिन्ही गोष्टी लेखी कळवा.

५. वायरलेस कीबोर्ड असेल तर उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीची पिन काढा. लिथियम बॅटरीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर आग लागू शकते.

६. कामाआधी आणि कामानंतर, त्याच टेबलावर, मोबाईल तेवढ्याच अंतरावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. ही तुमची फुकटातली जाहिरात.

या आठवड्याचं काम

एवढंच करा. पहिल्या पायरीची हत्यारं आणा, स्वतःच्या कीबोर्डचे स्टॅबिलायझर नीट करा, आवाजाचे दोन्ही रेकॉर्डिंग ठेवा. मग जवळच्या डीटीपी सेंटरवर किंवा बिलिंग काउंटरवर जा आणि एकच प्रश्न विचारा: "तुमच्या कीबोर्डचं कोणतं बटण त्रास देतंय?"

सोल्डरिंगची आयर्न तेव्हा घ्या, जेव्हा या प्रश्नाला तीन जणांकडून 'हो, हे बघा' असं उत्तर येईल. तोवर भंगारवाल्याला एक जुना कीबोर्ड बाजूला ठेवायला सांगून ठेवा. सरावाला तोच लागणार आहे.