चार जण, आठ महिने

क्रिप्टोत काम करणाऱ्या माणसाच्या घरी छापील कागदांचा एवढा ढीग असेल असं वाटलं नव्हतं. कोथरूडच्या एका फ्लॅटमधली मागची खोली. कंपनी परदेशातली, सहकारी चार देशांत पांगलेले, हुद्दा ‘सीनियर अप्लाइड क्रिप्टोग्राफर’. ही माझ्या मित्राची मुलगी. एका लग्नात तिचं काम सांगताना तिच्या आईने आवाज खाली घेतला होता, आणि शेजारच्या गृहस्थांनी लगेच विचारलं होतं, ‘‘मग आम्ही कुठलं कॉइन घ्यावं?’’ ‘‘मी एकही ठेवत नाही,’’ ती म्हणाली आणि जिलबी घ्यायला उठली. ते उत्तर डोक्यातून जाईना, म्हणून तिला काम करताना बघायला गेलो.

बघण्यासारखं फारसं काही घडत नाही. डावीकडे छापलेला शोधनिबंध, उजवीकडे स्क्रीनवर रस्ट भाषेतला कोड. निबंधातली एक ओळ वाचायची, कोडमध्ये तीच पायरी शोधायची, जुळली की पेन्सिलने बारीक खूण. कीबोर्डचा आवाज जवळजवळ नाहीच. संध्याकाळी मीटिंगा, मध्ये कुणाच्या तरी मेसेजला उत्तर. बाकी वेळ वाचन, आणि प्रिंटरमधून नुकत्याच निघालेल्या गरम कागदाचा वास.

मी गेलो तेव्हा ती एका ‘झीरो नॉलेज प्रूफ’चा कोड तपासत होती. गुपित न उघडता, ते आपल्याला ठाऊक आहे हे समोरच्याला पटवून देण्याची ही रीत. मूळ कल्पनेत समोर परीक्षक असतो आणि तो मनाला येईल तो प्रश्न टाकतो. ब्लॉकचेनवर परीक्षक बसवणार कुठून? म्हणून आतापर्यंत मांडलेलं सगळं हॅश फंक्शनमधून काढायचं आणि जो आकडा येईल तोच प्रश्न मानायचा. ही युक्ती फियाट आणि शमीर यांची, १९८६ सालची. पण त्या हॅशमध्ये एखादी गोष्ट घालायची राहिली, तर लबाड माणूस प्रश्न बघून मग ती गोष्ट सोयीने ठरवू शकतो. पेपर फुटलाच म्हणायचा. २०२२ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या कंपनीने अशा राहून गेलेल्या गोष्टी एकाहून अधिक प्रचलित प्रणालींच्या कोडमध्ये दाखवून दिल्या होत्या.

‘‘टेस्ट सगळ्या पास होतात, काका,’’ ती म्हणाली. ‘‘प्रामाणिक माणसासाठी कोड बरोबरच चालतो. आम्हाला तो लबाड होऊन वाचावा लागतो.’’

डिजिटल सहीचंही तसंच. बिटकॉइनच्या प्रत्येक सहीत एक नवा यादृच्छिक आकडा लागतो. तोच आकडा दोन सह्यांत पडला तर दोन समीकरणं, दोन अज्ञातं. ज्या खासगी किल्लीने सही होते, ती शाळेतल्या बीजगणिताने हातात येते. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या आकडे काढण्यातल्या दोषामुळे लोकांचे बिटकॉइन असेच चोरीला गेले. हे तिने एका पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

चहाच्या वेळी तिने झीकॅशची गोष्ट सांगितली. व्यवहार पूर्ण गुप्त ठेवण्याची सोय देणारं हे नाणं २०१६ मध्ये सुरू झालं. ते ज्या पद्धतीवर उभं होतं तिचा निबंध २०१४ मधला, जाणकारांनी वाचलेला. १ मार्च २०१८ रोजी झीकॅश बनवणाऱ्या कंपनीचा क्रिप्टोग्राफर एरियल गॅबिझोन याच्या लक्षात आलं की सुरुवातीच्या मांडणीत काही जादा आकडे तयार होतात, आणि ते हाताशी असतील तर कुणीही हवी तेवढी खोटी नाणी पाडू शकेल. कुणाला पत्ताही लागणार नाही. त्याने एका सहकाऱ्याला सांगितलं. दुरुस्ती पुढच्या मोठ्या अपग्रेडमध्ये गुपचूप घातली गेली आणि २८ ऑक्टोबर २०१८ रोजी लागू झाली. तोवर ही गोष्ट कंपनीत चार जणांना ठाऊक होती. जगाला कळली फेब्रुवारी २०१९ मध्ये. दोषाचा फायदा कुणी घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, असं कंपनीने सांगितलं.

‘‘चार जण,’’ ती म्हणाली. ‘‘आठ महिने.’’

ज्या फाइलमधून ते जादा आकडे मिळू शकत होते, ती फाइल मधल्या काळात काढून टाकली होती आणि विचारणाऱ्यांना ती हरवल्याचं सांगितलं गेलं.

‘‘म्हणजे खोटं बोलले?’’

‘‘बोलले. मीही बोलले असते. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नसतं.’’

चार जण, आठ महिने. कुणावरही विश्वास ठेवायची गरज नाही, असं ज्या धंद्याच्या जाहिराती ओरडून सांगतात, तो धंदा आठ महिने चार माणसांच्या सचोटीवर तगला. त्यांतल्या एकाने मनात आणलं असतं तर? हे मी तिला म्हटलं. तिला ते फारसं रुचलं नाही. बँकेतही कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे, पण बँक तसं नाकारत नाही.

तिच्या पगाराचा काही भाग कंपनीच्या टोकनमध्ये येतो. तो ती हाती पडताच विकते, कर भरते आणि उरलेलं मुदत ठेवीत टाकते. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून अशा विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. कंपनीच्या नाण्याचा भाव काय चाललाय, हे तिला मी विचारल्यावर फोनवर बघावं लागलं. ज्या बाजारासाठी ही बाई इतकं निगुतीने वाचते, तो बाजार या वाचनाच्या लायकीचा आहे असं मला वाटत नाही. तिच्या पेन्सिलीबद्दल मात्र मनात शंका नाही.

पैसे जातात ते बहुधा दुसऱ्याच वाटेने. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्यात गणित कुणी फोडलं नव्हतं. स्क्रीनवर दिसत होतं ते वेगळं आणि सही झाली ते वेगळं, असं तेव्हा वझीरएक्सने सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेही स्क्रीनवर भलतंच दाखवून. नाणी घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. घेतलीच असतील तर सहीचं बटण दाबण्याआधी हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या स्क्रीनवर पैसे कुठल्या पत्त्यावर आणि किती चाललेत ते अक्षरन्‌अक्षर वाचा. आणि तिथे नुसतीच अगम्य अक्षरं दिसत असतील तर सही करू नका.