जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प: किंमत कशाची मोजायची?

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिचा आवाज घडतो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. म्हणून अनुभवी गिटारवादक गिटारइतकाच, किंबहुना जास्तच, अ‍ॅम्प निवडताना चोखंदळ असतो. आणि गेली सत्तर वर्षे नवनवे तंत्र येऊनही या वादकांचा जीव अजून काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, तीस किलो वजनाच्या, तापणाऱ्या पेटीवरच आहे. अशा जुन्या अ‍ॅम्पला आज जगभर मोठी किंमत येते. तो पारखायचा कसा, आणि बडोद्यासारख्या शहरात बसून घ्यायचा झाला तर काय पाहायचे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

बडोद्याला या विषयाशी परके वाटण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली. तीच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. चारच वर्षांनी, १८९० मध्ये, प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी तंत्रशिक्षणासाठी कलाभवन उभे केले आणि हाताने यंत्र उघडून शिकणाऱ्यांची परंपरा गावात रुजली. संस्थानी काळात बडोद्याचे स्वतःचे रेडिओ केंद्रही होते. पुढे ते आकाशवाणीकडे गेले. संगीत, यंत्रशाळा आणि रेडिओ या तिन्ही गोष्टी ज्या गावात नांदल्या, तिथे व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची पारख करणारी माणसे तयार व्हायला हवीत, टिकायलाही हवीत.

आत काय घडते

१९०४ मध्ये फ्लेमिंगने दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा ध्रुव, म्हणजे ग्रिड, घातला आणि क्षीण संकेत मोठा करण्याची वाट उघडली. काचेच्या निर्वात नळीत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे धावतात. मधली ग्रिड त्यांना कमी-जास्त अडवते. गिटारच्या पिकअपमधून आलेला चिमूटभर संकेत ग्रिडवर पडला की प्लेटच्या बाजूने तोच मोठा होऊन बाहेर येतो. प्लेटला लागणारा दाब साधारण ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो. स्पीकरला इतका दाब नको असतो, त्याला प्रवाह हवा असतो. ही देवघेव आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो.

वादकांना आवडणारा आवाज इथेच जन्मतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प क्षमतेच्या पलीकडे ओढला की स्वर एकदम कापल्यासारखा फाटतो. व्हॉल्व्ह मात्र हळूहळू शरण जातो, त्यामुळे स्वराच्या कडा गोल होतात आणि त्यात भर घातल्यासारखी गोडी येते. तार जोरात छेडली की स्वर क्षणभर दबतो आणि मग फुलतो, कारण एसी विजेची डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हवर, म्हणजे रेक्टिफायरवर, ताण आला की दाब किंचित खाली येतो. बोटांच्या जोरावर यंत्र प्रतिसाद देते. ज्याने हे एकदा हाताखाली अनुभवले, तो सहजासहजी दुसरीकडे वळत नाही.

नामांकित घराणी

कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडरने घडवलेले अ‍ॅम्प हे पहिले मोठे घराणे. १९५०च्या दशकातले कापडी आवरणाचे ‘ट्वीड’, १९६३ ते १९६७ या काळातले काळ्या पट्टीचे ‘ब्लॅकफेस’ आणि १९६८पासूनचे ‘सिल्व्हरफेस’ अशी त्यांची ओळख पडली आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने ही कंपनी १३ दशलक्ष डॉलरला घेतली. त्याआधीचा माल संग्राहक अधिक मोलाचा मानतात. पण सुरुवातीचे कित्येक सिल्व्हरफेस आतून ब्लॅकफेसच्या फार जवळचे आहेत. ज्याला वाजवायचे आहे, त्याच्यासाठी पैशांचा मोबदला तिथे जास्त मिळतो.

इंग्लंडमध्ये डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीत डिक डेनीने व्हॉक्स एसी१५ आणि त्यापाठोपाठ एसी३० हे अ‍ॅम्प रचले. शॅडोज आणि बीटल्स यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांतली ती खणखणीत झळाळी त्यांचीच. लंडनच्या हॅनवेल भागातले दुकानदार जिम मार्शल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडर बासमनचे सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ तयार करवून घेतला, आणि रॉक संगीताचा घनगंभीर आवाज तिथून निघाला.

आपल्याकडे ही घराणी त्या काळात फार थोड्यांच्या वाट्याला आली. आयातीवर कडक निर्बंध होते. १९७० आणि १९७१ मध्ये रॉक बँडच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेत वाजवणाऱ्या पिढीतल्या अनेक मंडळींचे अ‍ॅम्प गावातल्याच रेडिओ मेकॅनिकने बांधलेले असत. हे शक्य झाले, कारण बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. घरोघरच्या रेडिओंनी व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे हात तयार केले होते, आणि सभा-समारंभांच्या लाउडस्पीकरसाठी देशी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरही मिळू लागले होते. बडोद्यात आज जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प शोधणाऱ्याच्या हाती फेंडरपेक्षा असा देशी लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प लागण्याची शक्यता जास्त आहे. संग्राहकाच्या बाजारात त्याला नाव नाही. पण त्याचे ट्रान्सफॉर्मर चांगले असतील, तर जाणकाराकडून थोडा बदल करून त्यावर गिटार उत्तम वाजते.

पारख: बाहेरून आत

पेटी पाहताना आधी मागची बाजू पाहावी. पुढची जाळी आणि नाममुद्रा नवी बसवता येते. खरी हकीकत मागे आणि आत असते.

वय ठरवायला अमेरिकी अ‍ॅम्पमध्ये एक चांगली सोय आहे. व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवर (बटणामागच्या पोटेन्शिओमीटरवर), स्पीकरच्या चौकटीवर आणि ट्रान्सफॉर्मरवर आकडे छापलेले असतात. समजा पॉटवर १३७६५१२ असे आहे. यातला १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ६५ म्हणजे १९६५ साल आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. स्पीकरवर २२० असेल तर तो जेन्सनचा, ४६५ असेल तर ऑक्सफर्डचा. ट्रान्सफॉर्मरवरचा ६०६ म्हणजे शूमाकर. हे सगळे आकडे काही महिन्यांच्या अंतरात एकमेकांशी जुळले, तर पेटीचे अवयव एकत्र जन्मले असे मानायला हरकत नाही. एखादाच आकडा दहा वर्षे पुढचा निघाला, तर तो भाग बदललेला आहे. विक्रेत्याच्या गोष्टीपेक्षा या आकड्यांवर विश्वास ठेवावा. १९९०च्या दशकापासून फेंडरने जुन्या रूपाच्या नव्या आवृत्त्या काढल्या आहेत, आणि त्या आता स्वतःच जुन्या दिसू लागल्या आहेत. आत हाताने जोडलेल्या तारांऐवजी छापील सर्किट बोर्ड दिसला, तर किंमत वेगळीच धरायची.

किमतीत सर्वांत जास्त वजन ट्रान्सफॉर्मरचे. मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळून दुसरा बसवलेला असेल, तर संग्राहकाच्या लेखी मोल बरेच घसरते. त्यानंतर स्पीकर: मूळ कागदी कोन फाटून नवा भरलेला असेल, तर तेही किमतीत उतरते. मग येते चासी, म्हणजे सर्किट बसवलेली धातूची चौकट. तिला नवीन भोके पाडली आहेत का, जास्तीचे स्विच बसवले आहेत का, हे पाहावे. पेटीचे आवरण बदललेले असेल तर वाजवणाऱ्याचे काही बिघडत नाही, पण संग्राहक किंमत कमी करतो.

उलट काही बदल किंमत कमी करत नाहीत. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काही दशकांत सुकतातच. ते बदललेले असणे ही देखभालीची खूण आहे. दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची घातली असेल, तर विक्रेत्याचे आभार मानावेत. व्हॉल्व्हही झिजणारी वस्तू आहे. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये ते आजही बनतात. काढलेले मूळ भाग पिशवीत जपून ठेवलेले असतील, तर त्यांचेही पैसे द्यावेत.

बडोद्याच्या विजेवर

आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनलेला अ‍ॅम्प ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. तो थेट भिंतीला लावला तर क्षणात जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ मात्र तेच राहतात, आणि ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. म्हणून निर्यातीसाठी बनलेला, व्होल्टेज निवडीची सोय असलेला नमुना आपल्यासाठी अधिक सोयीचा. ब्रिटिश अ‍ॅम्प मुळातच आपल्यासारख्या विजेसाठी घडलेले असल्याने त्यांचा हा त्रास नाही. पावसाळ्याची दमट हवा हा दुसरा शत्रू: चासी गंजते, कोनला बुरशी धरते, ट्रान्सफॉर्मरमधला कागद ओल पितो.

म्हणून वर्षानुवर्षे बंद असलेला अ‍ॅम्प ‘चालू होतो का बघू’ म्हणून थेट लावणे ही सर्वांत महाग चूक ठरते. रेडिओ काळातला मेकॅनिक इथे एकच सांगेल: “थांबा, आधी सिरीजमध्ये लावा.” शंभर वॅटचा जुन्या तारेचा बल्ब अ‍ॅम्पच्या वाटेत जोडायचा, एलईडीचा इथे उपयोग नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून स्विच दाबायचा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर बहुधा शाबूत आहे. भगभगीत पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करायचे. पुढे व्हॉल्व्ह बसवून आणि स्पीकर जोडूनच चाचणी घ्यायची, कारण स्पीकरशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. व्हॉल्व्हच्या मधली तार नारिंगी दिसणे साहजिक आहे. बाहेरची धातूची प्लेट लाल होऊ लागली तर बहुधा एखादा कंडेन्सर गळतो आहे. पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलके टिचकी मारावी, स्पीकरमधून टणत्कार आला तर तो व्हॉल्व्ह बदलावा.

एक इशारा जिवाचा आहे. वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. ज्याला ते सुरक्षितपणे रिकामे करता येत नाहीत, त्याने चासीत हात घालू नये.

मोल ठरवताना

घासाघीस करण्याआधी आपण कशासाठी घेतो आहोत, हे स्वतःशी ठरवावे. संग्रहासाठी घ्यायचा असेल, तर मूळपणाला पैसे मोजावेत आणि त्या मूळपणाला नंतर हात लावू नये. वाजवण्यासाठी घ्यायचा असेल, तर शाबूत ट्रान्सफॉर्मर, सशक्त स्पीकर आणि प्रामाणिक दुरुस्ती यांना पैसे मोजावेत. फाटके आवरण आणि तुटके हँडल यांचा फायदा किमतीत घ्यावा. दोन्ही बाबतींत दुरुस्तीचा अंदाजी खर्च आधी वजा करावा आणि मगच बोली लावावी. नुसते ‘व्हिंटेज’ म्हणून कोणी चढी किंमत सांगत असेल, तर मागची फळी उघडून दाखवायला सांगावे. नकार मिळाला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

या साऱ्या व्यवहारात सर्वांत दुर्मीळ होत चाललेली गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह ओळखणारा मेकॅनिक. बडोद्यातल्या तरुण गिटारवादकांना आणि कलाभवनाच्या वारशात शिकणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: अ‍ॅम्प घेण्याआधी असा माणूस शोधा, त्याला पाहणीचे योग्य पैसे द्या आणि तो काम करत असताना शेजारी बसून शिका. पेटी दुसरी मिळेल. तिला जिवंत ठेवण्याची विद्या गेली, तर कितीही पैसे मोजून ती परत विकत घेता येणार नाही.