तान्हें मूल दूध कां टाकतें ?

घरांत नवें बाळ आलें कीं आनंदाबरोबर काळजीही येते. पोटभर दूध पिऊन तें मांडीवर निजतें न निजतें तोंच ओठांच्या कोपऱ्यांतून दुधाची गुळणी बाहेर येते. कोणी म्हणतें दृष्ट लागली, कोणी म्हणतें आईचें दूध बाधलें. आणि कांहीं घरीं तर अंगावरचें दूधच बंद करतात. पहिले सहा महिने बाळाचें पूर्ण अन्न तेंच असल्यामुळें हा गैरसमज घातक होय. म्हणून या गोष्टीचें खरें कारण आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

गिळलेलें अन्न अन्ननलिकेतून जठरांत उतरतें. या दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचें एक वलय असतें. अन्न खालीं गेलें कीं तें आवळतें व परतीची वाट बंद होते. तान्ह्या मुलाचें हें वलय वरचेवर सैल पडतें. शिवाय त्याची अन्ननलिका आंखूड, जठर लहान, अन्न सर्वस्वी पातळ, आणि दिवसाचा बहुतेक काळ आडवें पडून जाणारा. दुधाबरोबर पोटांत हवाही जाते. ती वर येतांना थोडें दूध सोबत आणते. तें फुटलेलें दिसलें तरी भिऊं नये. जठरांतील रसानें दूध फुटणें हा पचनाचाच आरंभ होय. चौथ्या महिन्याच्या सुमारास गुळण्या अधिक होतात; मूल बसूं लागलें म्हणजे कमी होतात, व वर्षाच्या आंत बहुधा थांबतात.

उपाय सोपे आहेत. दूध थोडें थोडें पाजावें. मग बाळास खांद्याशीं उभें धरून पाठीवर हलकेच थोपटावें. निजवावें मात्र उताणेंच. गुळणी श्वासनलिकेंत जाईल ही भीति साहजिक आहे. परंतु उताण्या मुलाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळें तसें सहसा घडत नाहीं. ब्रिटनमध्यें १९९१ सालीं मुलांस उताणें निजवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हां झोपेंत अकस्मात् मरण पावणाऱ्या बालकांची संख्या पुष्कळ घटली.

गुळणी निराळी व वांती निराळी. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक वेळीं दूध जोरानें दूर उडूं लागल्यास जठराचें खालचें द्वार जाड होऊन अरुंद झालें असण्याचा संभव असतो. जर्मन शस्त्रवैद्य रामस्टेट यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेनें हा विकार बरा होतो. वांती हिरवी असणें, तींत रक्त दिसणें, लघवी कमी होणें, ताप किंवा ग्लानि येणें, यांपैकीं एकही लक्षण दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. वजन वाढत नसेल तरीही बाळास दाखवावें.

ज्या बाळाचें वजन वाढतें व जें हसतें खेळतें, त्याच्या गुळणीस एक स्वच्छ फडकें पुरे. हिरव्या वांतीस मात्र अंगारा किंवा घुटी उपयोगी नाहीं.