कार्ड घासण्याआधी

गंभीर आजाराचे कर्ज एकट्या रुग्णालयाच्या बिलातून उभे राहत नाही. बिल चढत असतानाच पगार थांबतो, रुग्णाजवळ बसणाऱ्याची रजाही बिनपगारी होते, आणि घरात मुले असली की शाळेची फी, व्हॅन, पाळणाघर हे खर्च तसेच चालू राहतात. हिंजवडीत हे गणित दोन तऱ्हांनी बिघडते. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या कायम नोकरीतल्या अभियंत्याकडे कंपनीचा गटविमा असतो, पण डोक्यावर फ्लॅटचा हप्ताही असतो. त्याच इमारतीत पहारा, सफाई, कॅन्टीन सांभाळणारा माणूस कंत्राटदाराच्या हजेरीवर असतो आणि माण किंवा मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहतो. त्याला हप्ता नसतो, पण खाडा झाला की पगार कापला जातो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सरासरी सुधारली खरी, पण त्या वर्षी ज्या घरात कॅन्सर निघाला किंवा कुणाची किडनी गेली, त्या घराला सरासरीचा उपयोग नसतो.

‘आधी पेशंट वाचू दे, पैशांचं नंतर बघू,’ असे म्हणून नातेवाईक काउंटरवर कार्ड घासतात. भावना बरोबर असते, क्रम चुकतो. मदतीच्या बऱ्याच योजना खर्च होण्याआधी लागू होतात. भरून टाकलेले पैसे त्या परत देत नाहीत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर पसरली. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. तिची मर्यादा दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबेही तिच्यात आली. पांढरे कार्ड म्हणजे सरकारी मदतीतून नाव कटलेले, हा जुना समज आयटीतल्या घरांत अजून पक्का आहे आणि तो महागात पडतो. योजना फक्त अंगीकृत रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांसाठी चालते, आणि पूर्णपणे बिनरोखीने. म्हणून दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठून रेशनकार्ड व ओळखपत्र दाखवायचे. आणीबाणी असेल तर फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात.

दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना घालून दिली. ट्रस्टच्या रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. म्हणजे कंत्राटी कामगारांची बहुतेक कुटुंबे यात बसतात. अडते ते तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यावर. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते आणि तहसील कार्यालय पौडला आहे. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना दाखल्यासाठी धावपळ करण्यापेक्षा निदान झाले त्याच आठवड्यात अर्ज केलेला बरा.

आणीबाणीत अनामत रकमेसाठी रुग्ण अडवता येत नाही, हेही नियमांत आधीपासून आहे. २०२५ मध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवती महिलेकडे १० लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे जुळ्या मुलींना जन्म दिल्यानंतर ती दगावली. शहरभर संताप उसळल्यावर पुणे महापालिकेने खासगी रुग्णालयांना हाच नियम नव्याने बजावला. त्याचप्रमाणे, बिल थकले म्हणून बरा झालेला रुग्ण डांबून ठेवणे बेकायदा असल्याचे उच्च न्यायालयाने सांगितले आहे. रुग्णालय थकबाकीसाठी दिवाणी दावा लावू शकते, दार लावू शकत नाही.

महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. अनेकांना हे कार्ड सर्दी-तापापुरते वाटते. प्रत्यक्षात त्यात कुटुंबाच्याही उपचारांची सोय आहे आणि खर्चाला ठरावीक कमाल मर्यादा नाही. मुख्य म्हणजे बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळतो: साध्या आजारात वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, तर कॅन्सर, क्षय, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षे विमित नोकरी झाली असल्यास, ८० टक्के आणि तेही दोन वर्षांपर्यंत. हा लाभ चालू असताना मालकाला कामगार काढता येत नाही. कंत्राटदाराने पैसे कापले पण भरले नाहीत, तर पहिली जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तक्रार करताना तिचे नाव लिहायला कचरू नये.

गटविम्याची गोष्ट वेगळी. तो नोकरीला बांधलेला असतो. शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा, नाहीतर जुना आजार दाखवून नवी पॉलिसी मिळणे कठीण होते. दुसरा खड्डा खोलीभाड्याचा. ५ लाखांच्या विम्यात १ टक्का खोलीभाडे मान्य असेल तर दिवसाला ५ हजार होतात. १० हजारांची खोली घेतली, तर फरक फक्त भाड्याचा राहत नाही. औषधे व इम्प्लांट वगळून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह यांसारखे खर्चही निम्मेच मंजूर होऊ शकतात. असे २ लाखांचे खर्च असतील तर १ लाख घरातून जातो. दावा नाकारला गेला आणि विमा कंपनीकडच्या तक्रारीने भागले नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.

एवढे करूनही उरते ते खरे कर्ज. क्रेडिट कार्डावर ३ लाख भरले आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरले, तर १०,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,८९० रुपये होतो. बँकेने ‘किमान देय’ ५ टक्के, म्हणजे १५ हजार मागितले, तर ते भरून मुद्दल जेमतेम २,६१० रुपयांनी घटते. पीएफमधून आजारपणासाठी काढलेली रक्कम मात्र परत भरायची नसते आणि तिच्यावर व्याजही नसते. शिवाय पीएफवर सावकाराला किंवा बँकेला जप्ती आणता येत नाही. म्हणून तो उपचारांसाठी जरूर काढावा. कार्डाचे जुने देणे फेडण्यासाठी तो रिकामा करणे म्हणजे कायद्याने दिलेले कुंपण स्वतःच मोडणे. भिशी, पतसंस्था, सोनेतारण हे मार्ग घराघरांत आहेतच. खासगी सावकाराकडे जावेच लागले, तर परवाना पाहावा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवाना सक्तीचा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

हप्ते चुकणार असे दिसले की चुकण्याआधी बँकेला लेखी कळवावे, सोबत निदानाचे कागद जोडावेत. मुदत वाढवून हप्ता कमी करणे बँकेच्या धोरणात बसू शकते. सलग ९० दिवस थकल्यावर कर्ज अनुत्पादित ठरते आणि मग तारणाच्या घरासाठी ६० दिवसांची नोटीस येते. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, नातेवाइकांना धमकावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. कर्ज थकणे हा गुन्हा नाही. चेक वटला नाही तर मात्र खटला होऊ शकतो, म्हणून ‘सुरक्षेसाठी’ कोरे चेक देऊ नयेत.

मुलांचा खर्च हप्त्यांच्या आधी धरायला हवा. अनेक घरांत उलटे होते, कारण बँक फोन करते आणि मूल गप्प राहते. शाळेला परिस्थिती लवकर सांगितली तर फीचे हप्ते पाडून मिळण्याची शक्यता असते. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पालकाला दुर्धर आजार असलेल्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्वाची मदत महिना ४ हजार रुपये आहे. तिला उत्पन्नाची अट कडक आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जावे लागते. ही मदत अनाथ मुलांपुरतीच आहे असे समजून आईवडील हयात असलेली घरे अर्जच करत नाहीत.

आजार बरा होणारा नसेल, तर वारज्यातले सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची वेदनाशामक काळजी मोफत घेते आणि घरच्यांनाही सांभाळते. शेवटचे काही आठवडे महागड्या अतिदक्षता विभागात काढण्याला हा पर्याय डॉक्टरांनी स्वतःहून सुचवायला हवा. याच काळात उरलेले कागदही उरकावेत. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांवर देणे येते ते मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. सहकर्जदार आणि जामीनदार मात्र पूर्ण बांधील राहतात, म्हणून जोडीदाराने आजारपणाच्या धांदलीत कुठेही सही करण्यापूर्वी ती कोणत्या नात्याने आहे हे वाचावे. पीएफ आणि विम्याचे नामनिर्देशन तपासावे, नामनिर्देशित मूल अज्ञान असेल तर त्याच्यासाठी रक्कम स्वीकारणाऱ्याचे नाव घालावे. पीएफ सदस्य नोकरीत असताना गेला तर त्याला जोडलेल्या विम्यातून कुटुंबाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत निवृत्तिवेतन मिळते. एकटी आई किंवा एकटा बाप मुले वाढवत असेल, तर मृत्युपत्रात पालकाचे नाव लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की पुरते. नोंदणी सक्तीची नाही.