केशर आंबा सल्ला : कैऱ्या गळतायत? आधी पाणी बघा, मग औषध



होळीच्या सुमारास केशरच्या झाडाखाली बारीक कैऱ्यांचा सडा पडतो आणि ग्रुपवर एकच प्रश्न येतो, "कोणतं टॉनिक मारू?" दुकानात जाण्याआधी एवढं वाचा.

१) कोणती गळ थांबत नाही?
मोहोराच्या हजार फुलांमागे एखादंच फळ शेवटपर्यंत टिकतं. मोहरी-ज्वारीच्या दाण्याएवढी कैरी गळते ती बहुतेक परागीभवन नीट न झाल्यानं, किंवा झाडाला तेवढा भार पोसत नाही म्हणून. त्यावर खर्च करू नका. तुऱ्याला एक-दोन कैऱ्या राहिल्या तरी झाड भरतं.

२) कोणती गळ आपल्या हातात आहे?
वाटाणा ते गोटीएवढ्या कैऱ्या देठाशी पिवळ्या पडून गळत असतील तर आधी पाण्याचा ताण तपासा. मार्चच्या उन्हात काळ्या रानाला भेगा पडतात, बारीक मुळ्या तुटतात. झाड स्वतःला वाचवायला कैरी सोडतं.
झाडाच्या घेराखाली फूटभर उकरा, मूठभर माती दाबा. लाडू वळला नाही तर पाणी हवंय.

३) पाणी किती?
दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची हापूसला शिफारस आहे : कैरी वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी असताना, दर वेळी कलमाला १५० ते २०० लिटर. आपल्या मोठ्या झाडांना हाच अंदाज धरा, लहान झाडाला कमी. भारी रानात मातीचा लाडू बघूनच पुढचं पाणी द्या.
ड्रिपवर ८ लिटरचे चार ड्रिपर असतील तर तासाला ३२ लिटर पडतात. १५० लिटरला पावणेपाच तास लागतील. दोन-तीन दिवसांत विभागून दिलं तरी चालेल.
ताणावरच्या झाडाला एकदम पाट सोडू नका, झटका बसून गळ वाढते. पाणी खोडापाशी नको, दुपारच्या सावलीच्या कडेनं द्या.

४) आच्छादन
२०१६ ला आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. दिलेलं पाणी उन्हानं उडू देणं आपल्याला परवडत नाही. सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट चार-पाच बोटं जाड पसरा. खोडापासून हातभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

५) फवारणी, पाण्यानंतरच
• वाटाण्याएवढी कैरी : एनएए ४.५ टक्के, १० लिटर पाण्याला ४.५ मिली. डोस वाढवू नका.
• गोटीएवढी कैरी : १३:०:४५, लिटरला १० ग्रॅम.
दोन्ही वेगवेगळ्या मारा, ऊन उतरल्यावर.

कैरीवर पांढरी भुकटी असेल किंवा पानं चिकट झाली असतील तर तो भुरीचा नाहीतर तुडतुड्यांचा त्रास आहे. त्याला औषध वेगळं. आधी तुऱ्याचा जवळून काढलेला फोटो टाका, मग सांगतो.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी