अठरा वर्षांचे वडीलधारे

‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या लांबलचक नावाचा ख्रिस्ती पंथ बाहेरच्या जगाला ‘मॉर्मन’ या सुटसुटीत नावानेच ठाऊक आहे. हे टोपणनाव वापरू नये, अशी विनंती पंथाचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केली असली, तरी लोकांची सवय मोडलेली नाही, आणि येथेही सोयीसाठी तेच नाव वापरले आहे. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापन केलेल्या आणि पुढे युटा प्रांतात सॉल्ट लेक सिटी येथे स्थिरावलेल्या या पंथाची सर्वांत ठळक खूण म्हणजे पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी अशा वेशात जोडीने हिंडणारे तरुण. मराठी वाचकाच्या मनात ‘मिशनरी’ या शब्दासरशी उभी राहणारी मूर्ती याहून निराळी आहे. गोव्यात हयात घालवून ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स किंवा अहमदनगर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक, म्हणजे धर्मशास्त्र शिकून आलेली आणि परक्या भाषेत मुरलेली माणसे, हे आपल्याकडचे मिशनरी. मॉर्मन मिशनरी यांपैकी काहीच नसतो. तो शाळा संपवून आलेला मुलगा असतो, धर्मशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नसते, पगार तो घेत नाही, आणि नेमकी दोन वर्षे झाली की घरी परत जातो. अशा कच्च्या माणसांच्या भरवशावर जगभर चालणारी ही संस्था टिकते कशी, याचे उत्तर तिच्या सिद्धान्तांपेक्षा तिच्या दिनक्रमात अधिक सापडते, आणि तो दिनक्रम नीट पाहायचा तर जपानसारखा अवघड मुलूख निवडणे सोयीचे ठरते.

मिशनवर जाण्याचे किमान वय २०१२ पर्यंत मुलांसाठी १९ आणि मुलींसाठी २१ होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते अनुक्रमे १८ आणि १९ करण्यात आले, आणि सुमारे ५८,००० मिशनऱ्यांचा आकडा दोन वर्षांच्या आत ८०,००० च्या पुढे गेला. मुलांचा सेवाकाल २४ महिन्यांचा, मुलींचा १८ महिन्यांचा. इच्छुकाची पहिली मुलाखत बिशप घेतो. मात्र हा बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नसून नोकरीधंदा सांभाळून मंडळीचे काम पाहणारा शेजारचाच एखादा दंतवैद्य किंवा हिशेबनीस असतो. त्यानंतर अर्ज सॉल्ट लेक सिटीला जातो आणि तेथून नेमणूक येते. कोठे जायचे हे उमेदवाराला निवडता येत नाही. जपान, जर्मनी किंवा आपल्याच देशातले चार तासांवरचे शहर, जे पत्रात असेल ते स्वीकारायचे. या नेमणुकीला ‘कॉल’, म्हणजे बोलावणे, म्हणतात, आणि ते ईश्वरी प्रेरणेने ठरते अशी श्रद्धा आहे. खर्च मात्र ज्याचा त्यानेच उचलायचा असतो. पूर्वी ज्या देशात जावे तेथील महागाईप्रमाणे घरच्यांना पैसे पाठवावे लागत. १९९१ पासून ही रक्कम समान करण्यात आली, आणि २०२० च्या जुलैपासून अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी ती दरमहा ५०० डॉलर आहे. टोकियोला गेलेल्याचे आणि ग्वाटेमालाला गेलेल्याचे कुटुंब सारखेच भरते. जमा झालेल्या पैशातून प्रत्येक ठिकाणच्या गरजेप्रमाणे वाटप होते. अनेक घरांत मूल लहान असतानाच या खर्चासाठी वेगळी बचत सुरू झालेली असते.

परदेशी जाणाऱ्याची पहिली पायरी म्हणजे प्रशिक्षण केंद्र. सर्वांत मोठे केंद्र युटामधील प्रोव्हो या गावी असून त्याला सगळे ‘एमटीसी’ म्हणतात. जपानी शिकणाऱ्याला सुमारे नऊ आठवडे मिळतात. शिकवणारे बहुतेक जण स्वतः जपानमध्ये सेवा करून आलेले आणि आता शेजारच्या विद्यापीठात शिकणारे विशीतले तरुण असतात, आणि पहिल्या दिवसापासून शक्य तेवढे त्या भाषेतच बोलण्याचा दंडक असतो. येथील भाषाशिक्षणाचा क्रम मोठा गमतीचा आहे. बाहेर कोणीही परकी भाषा शिकताना भाजीबाजार आणि रेल्वेच्या तिकिटापासून सुरुवात करील. येथे प्रार्थना आणि साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचे चारचौघांत केलेले छोटे कथन, यांपासून सुरुवात होते. परिणामी विमानातून उतरणाऱ्या मुलाला ‘फुकुइन’ म्हणजे सुवार्ता आणि ‘आगानाई’ म्हणजे पापमोचन हे शब्द पाठ असतात, पण दुकानदाराने सुटे पैसे मागितले तर तो गोंधळून जातो.

त्याला मिळणारी पदवीही अशीच गोंधळात टाकणारी आहे. मॉर्मन मिशनऱ्याला त्याच्या पहिल्या नावाने कोणी हाक मारीत नाही. मुलगा ‘एल्डर’ आणि मुलगी ‘सिस्टर’, पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. जपानीत त्याचे भाषांतर ‘चोरो’ असे झाले, आणि हा शब्द जपानी कानाला पिकल्या केसांचा बौद्ध भिक्षू किंवा गावचा जुना जाणता सुचवणारा आहे. मिसरूड फुटलेला मुलगा नामपट्टीवर ‘चोरो’ अशी अक्षरे मिरवीत दारात उभा राहतो, तेव्हा दार उघडणाऱ्या आजीबाईंना काय वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

जपानमधील मिशनचा आरंभ १९०१ मध्ये झाला. पुढे पंथाचे अध्यक्ष झालेले हीबर ग्रँट तीन साथीदारांसह त्या ऑगस्टात योकोहामाला उतरले. त्यांपैकी अ‍ॅल्मा टेलर हा अवघा १९ वर्षांचा होता. तो १९१० पर्यंत तेथेच राहिला आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या ग्रंथाचे जपानी भाषांतर त्याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या भाषांतराची भाषा तपासण्याच्या कामी पुढे नीत्शेचा जपानी अनुवादक म्हणून नावाजलेला इकुता चोको होता, ही धर्मप्रसाराच्या इतिहासातली एक मासलेवाईक गाठ म्हटली पाहिजे. इतके होऊनही १९२४ मध्ये मिशन बंद करावे लागले आणि ते १९४८ मध्ये पुन्हा उघडले. महाराष्ट्रातला प्रयत्न याहूनही जुना आणि याहूनही अल्पजीवी होता: १८५२ मध्ये ब्रिटनहून ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी मुंबईत आला, पुण्याच्या छावणीत त्याने मुख्यतः युरोपियनांची एक छोटी मंडळी जमवली, आणि काही वर्षांतच हे सारे आवरले गेले.

दिनक्रम सकाळी साडेसहाला सुरू होतो. उठल्याबरोबर प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ आणि न्याहारी. आठपासून एक तास एकट्याने धर्मग्रंथांचे वाचन, नंतरचा एक तास जोडीदारासह अभ्यास, आणि परकी भाषा शिकणाऱ्यासाठी त्यावर आणखी भाषेचा पाठ. हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या अगदी काटेकोर होते. २०१७ पासून मात्र स्थानिक परिस्थितीप्रमाणे वेळा पुढेमागे करण्यास वाव देण्यात आला. मग सायकली बाहेर निघतात. जपानमधील मिशनरी आणि सायकल यांचे नाते इतके घट्ट आहे की डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पिशवी आणि वाऱ्यावर उडणारा टाय हे चित्र जपानी माणसाच्या परिचयाचे झाले आहे. उन्हाळ्याच्या दमट उकाड्यात सरकारी कचेऱ्यांतील बाबूंनीही टाय काढून ठेवावा अशी मोहीम जपान सरकारने २००५ मध्ये सुरू केली, तरी या पोरांचा टाय कायमच होता. हवामान आणि स्थानिक रीत पाहून टाय न घालण्याची किंवा फिकट निळा शर्ट वापरण्याची सवलत पंथाने दिली ती २०२० मध्ये.

दुपार ते रात्र हा कामाचा वेळ. स्टेशनाबाहेर थांबून बोलणे, पूर्वी भेटलेल्यांकडे जाणे, मंडळीतल्या वृद्धांना मदत करणे, आणि दारोदार फिरणे हे त्याचे प्रकार; अलीकडे फोन आणि समाजमाध्यमे आल्यापासून दारोदार फिरणे कमी झाले आहे. जपानी माणूस सहसा दार आपटत नाही. दाराजवळच्या यंत्रातून तो ‘केक्को देस्’ म्हणतो, ज्याचा शब्दशः अर्थ ‘छान आहे’ असा आणि खरा अर्थ आपल्याकडच्या ‘असू द्या’सारखा आहे, पण नव्या मिशनऱ्याला हा होकार वाटतो आणि तो आनंदाने उभा राहतो. या सौजन्याच्या भिंतीला पडलेले खिंडार म्हणजे ‘एइकाइवा’, आठवड्यातून एकदा चर्चमध्ये भरणारा इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग. धर्मात रस नसलेले अनेक लोक या वर्गाला वर्षानुवर्षे येतात आणि शेवटची काही मिनिटे चालणारे धर्मविषयक बोलणेही शांतपणे ऐकून घेतात. ज्याला खरोखर रस वाटेल त्याला ठरावीक पाठ दिले जातात. २००४ पर्यंत हे पाठ जवळपास पाठांतराचे होते, त्यानंतरच्या नव्या मार्गदर्शिकेने ते मिशनऱ्याच्या स्वतःच्या शब्दांवर सोडले. पाठांच्या अखेरीस दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणे, आणि खाण्यापिण्याचे नियम येतात, आणि जपानात गाडे बहुधा तेथेच अडते. जोसेफ स्मिथच्या १८३३ च्या एका वचनाप्रमाणे मद्य, तंबाखू आणि ‘उष्ण पेये’ वर्ज्य आहेत; उष्ण पेये म्हणजे चहा आणि कॉफी असा अर्थ लावला गेला, आणि जपानी हिरवा चहाही त्यातच येतो. पाहुण्यापुढे चहाचा पेला ठेवणे ही जेथे आदरातिथ्याची पहिली खूण, तेथे तो नाकारायला शिकवणे म्हणजे शेजारधर्मालाच हात घालण्यासारखे आहे. भाजलेल्या सातूचे ‘मुगिचा’ हे पेय चहा नसल्यामुळे चालते, आणि अनेक बिकट प्रसंग त्याच्यावरच निभावून जातात.

या सगळ्यात मिशनरी क्षणभरही एकटा नसतो. ‘कंपॅनियन’ म्हणजे जोडीदार ही या संस्थेची सर्वांत कल्पक आणि सर्वांत जाचक योजना आहे. दोघांनी एकमेकांच्या दृष्टीआड आणि कानाआड व्हायचे नाही, एकाच खोलीत वेगळ्या अंथरुणावर झोपायचे, आणि जोडीदार निवडायचा नाही, बदलून मागायचाही नाही. दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्सफर’ जाहीर होतात. तेव्हा जोडी मोडू शकते, गाव बदलू शकते, किंवा ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबरच आणखी सहा आठवडे काढावे लागतात. अनेक जोड्यांत एक अमेरिकन आणि एक जपानी असतो. मग भांडण कोणत्या भाषेत करायचे यावरही वाद होऊ शकतो. प्रलोभनांपासून रक्षण हा या व्यवस्थेचा सांगितला जाणारा हेतू खोटा नाही, पण न पटणाऱ्या माणसाशी चोवीस तास जमवून घेणे हे शिक्षण त्याहून खोल जाते. चित्रपट, दूरचित्रवाणी, प्रेमप्रकरण, पोहणे, नेमून दिलेल्या भागाबाहेरची भटकंती हे सारे वर्ज्य असते. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी असतो, आणि त्याला ‘पी-डे’ म्हणजे तयारीचा दिवस म्हणतात. पूर्वी वर्षातून फक्त दोनदा, नाताळ आणि मातृदिन या दिवशी, घरी फोन करता येई. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलता येते. घराची ओढ लागून ज्याचे मन आधीच परतीच्या पेटीत जाऊन बसले आहे, अशा मिशनऱ्याला त्यांच्या बोलीत ‘ट्रंकी’ म्हणतात. मनाचा तोल ढळल्यामुळे मुदतीपूर्वी परतणारेही असतात, आणि त्यांच्याकडे गावाने अपयशी म्हणून पाहण्याची रीत ही या व्यवस्थेची निष्ठुर बाजू आहे.

धर्मांतराच्या मापाने पाहिले तर एवढ्या श्रमांचे फळ तुटपुंजे आहे. सव्वाशे वर्षांनंतर जपानमध्ये नोंदलेले सदस्य सुमारे १,३०,००० आहेत, आणि नोंद असलेले सगळेच रविवारी चर्चमध्ये येतात असे नाही. १९८० च्या आगेमागे टोकियोतील एका मिशनने आकड्यांचा ध्यास घेऊन अल्पशा ओळखीवर तरुणांना बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून दिली जाणारी दीक्षा, देण्याचा सपाटा लावला होता. त्यांतले बहुसंख्य लवकरच दिसेनासे झाले, आणि त्यांची नावे वागवणाऱ्या जपानी मंडळ्यांना तो भार पुढे फार काळ सोसावा लागला. धंद्याच्या हिशेबात असा विभाग केव्हाच बंद झाला असता. तो चालू राहतो, कारण या दिनक्रमातला खरा धर्मोपदेश दारापलीकडच्या माणसाला कमी आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलालाच अधिक होत असतो. दिवसाला शंभर नकार ऐकून पुन्हा घंटी वाजवणारा मुलगा आपल्या श्रद्धेचे समर्थन इतक्या वेळा उच्चारतो की ती त्याची स्वतःची होऊन जाते. जपानला यातून मिळाली ती जपानीत अस्खलित बोलणारी अमेरिकन माणसे. केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकॉट हे १९८० च्या दशकात जपानी दूरचित्रवाणीवर घरोघरी ओळखले जाणारे चेहरे मूळचे मिशनरीच होते. तैवानमध्ये मिशन केलेले जॉन हंट्समन २००९ मध्ये चीनमधील अमेरिकेचे राजदूत झाले, तेही याच शाळेचे, शेजारच्या भाषेतले विद्यार्थी.

मुदत संपलेला मिशनरी विमानाने घरी पोहोचतो, विमानतळावर आईवडील भेटतात, पण त्याची सेवा तेथे संपत नाही. स्थानिक मंडळ्यांचा प्रमुख त्याला भेटून रीतसर मुक्त करीपर्यंत तो मिशनरीच असतो आणि सारे नियम त्याला लागू राहतात. ही भेट बहुधा त्याच दिवशी होते. ती झाल्यावर तो छातीवरची काळी पट्टी काढतो, आणि दोन वर्षांनंतर लोक त्याला पुन्हा त्याच्या पहिल्या नावाने हाक मारू लागतात.